फोड आलेलं बोट

सोलापुरात वरातीपुढं बेंजो वाजवणारे पुष्कळ, पण स्वतःला कलावंत म्हणवून घेणारा एकटा गौसच. बेंजोचं काम सोपं. एका हातानं खटका दाबायचा, दुसऱ्यानं तार छेडायची. दाबून दाबून त्याची बोटं सांडशीसारखी झालेली. तेवढ्या भांडवलावर त्यानं इलेक्ट्रिक गिटार आणली आणि बेंजोवाल्यांशी बोलणंच टाकलं. जुळे सोलापूरच्या नंदीशच्या ऑर्केस्ट्रात जागा रिकामी होती. ती हुकली तर पुन्हा त्याच बेंजोवाल्यांची मनधरणी करायची पाळी.

नंदीशला वधूवर स्टेजवर येताना गिटारीतून घंटेसारखे सूर हवे होते. त्यासाठी गिटारीच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीच्या नेमकं वर तारेला बोट नुसतं टेकवायचं, तार छेडायची, बोट लगेच उचलायचं. दाबायचं नाही. आता गौसला दाबू नको म्हणणं म्हणजे रेड्याला अलगद चाल म्हणण्यातली गत. रोज घरात तोच जाडाभरडा सूर. बायको सरदारबी वैतागली.

"तार हाय का ढेकूण? किती चिरडताय?"

चाचणीच्या सकाळी या महाशयांनी चहाचं पातेलं उघड्या हातानं उचललं. बोटाला टपोरा फोड. नंदीशपुढं तार त्या फोडाला लागली, कळ मस्तकात गेली, बोट आपोआप उडालं आणि लख्ख घंटी वाजली. नंदीश खूष. जागा दिली.

फोडाचं नाव काढील तो गौस कसला? टपरीवर बसून लोकांना हलक्या हाताचं महत्त्व सांगू लागला. बोट बरं व्हायच्या आत नीट शिकून घ्या, असं सरदारबीनं बजावलं, तर तिलाच मलम आणायला पिटाळलं.

ऑर्केस्ट्राबरोबरच्या पहिल्या लग्नाला बोट ठणठणीत. दुधनीची नवरी स्टेजच्या पायरीवर आली. गौसनं डोळे मिटले, मान वाकडी केली आणि तार कचकचून दाबली. घंटी कुठली, वरातीचाच खणखणाट. पुन्हा तेच. नंदीशनं मिक्सरवर त्याचा आवाज हळूच बंद केला. बाकीच्या गोंगाटात गौसला पत्ताच नाही. शेवटपर्यंत कॅमेऱ्याकडं बघत वाजवत राहिला.

सामान आवरताना नंदीश म्हणाला, "गौसभाई, उद्यापासून येऊ नका."

"बरं. व्हिडिओ तेवढा द्या."

"त्यात तुमी दिसताय. ऐकू येत न्हाय."

गौस आता परत वरातीत बेंजो वाजवतो आणि सोबत्यांना तोच व्हिडिओ दाखवतो. यात गिटारीचा आवाज कुठाय, असं कुणी विचारलं की कीव केल्यासारखा हसतो.

"लई बारीक सूर हाय. तसा कान पायजे की."