मिस्त्रीची मोटार

"भेंडीला काय आता डोळ्यांतलं पाणी घालू?" मिस्त्रीची बायको दुकानासमोर उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की समोरच्या एसटीडी बूथमधल्या माणसाने फोन ठेवून दिला. सोलापूरकडच्या त्याच्या पाहुण्याला म्हणे तिचं बोलणं फोनशिवायच ऐकू जात होतं. "घरच्या हिरीवरची मोटार उचलून दिऊन टाकली! कुणाला दिली, सांगा तरी!"

मिस्त्री स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "डाव्या हाताला इचार. दिली उजव्यानं, डाव्याला ठावं न्हाय."

"आन् भेंडी?"

"आनंद हाय," मिस्त्री म्हणाला.

बारामतीत माझं शिलाईचं दुकान त्याच्या शेजारी, मधे फक्त एक पत्रा. मी पत्र्याला कान लावून हे सगळं ऐकलं आणि, खोटं कशाला बोलू, त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तीन बाह्या लावल्या.

नव्वदनंतरची ती वर्षं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून मिस्त्रीकडे आणायचा, आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात आणावं तशी. आतली तार नव्याने भरायला तीन-चार दिवस लागायचे, आणि तेवढ्यात उन्हाळ्यातली भाजी माना टाकायची. म्हणून मिस्त्रीने स्वतःपुरता एक नियम करून टाकलेला. जळालेली मोटार ठेवून घ्यायची आणि दुकानातली चालू मोटार त्या माणसाला द्यायची. भाडं नाही, चिठ्ठी नाही. "जा, लाव. पीक थांबत न्हाय."

माणसं मोटार न्यायची आणि विसरायची. मग याची दुरुस्त झालेली त्याला, त्याची पुढच्याला. असं करत करत साऱ्या मुलखाच्या मोटारी दुसऱ्यांच्याच विहिरींवर नांदायला गेल्या. डाळजपासून नरसिंहपूरपर्यंत एकही मोटार आपल्या मालकाकडे उरली नव्हती. तुम्हाला हे जास्त वाटत असेल तर थोडं कमी करून घ्या. पण फार नको.

मिस्त्री ख्रिस्ती. रविवारी दुकान बंद. मी शिवलेला पांढरा सदरा घालून तो उपासनेला निघायचा, नखांतलं काळं मात्र तसंच. गाणं म्हणायला लागला की सुटलेल्या पट्ट्याचा आवाज यायचा. पाळकसाहेबांनी त्याला एकदा हळूच सुचवलं, "मिस्त्री, मनातल्या मनात म्हटलं तरी देवाला पोचतं." मिस्त्री म्हणाला, "पोचतं की साहेब. पर आनंद मनात मावत न्हाय, त्याला काय करू?"

दुरुस्त झालेली मोटार चालू करण्याआधी तो तिच्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा, ओठ हलवायचा आणि मग ओरडायचा, "दाबा बटन!" मी एकदा विचारलं, "मिस्त्री, मोटारीसाठी प्रार्थना करता?" "मोटारीसाठी कशाला? ती नीट केलीया मी. लाईटीसाठी करतो."

इंदापूरकडचे एक आबा होते. मोटार घेऊन यायचे, पण मिस्त्रीच्या दुकानात चहा काय, पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. कारण तुम्हाला सांगायला नको. कुणी काढलं नाही, तरी सगळ्यांना ठाऊक. मिस्त्रीने एकदा चालू मोटार त्यांच्या टेम्पोत चढवून दिली आणि म्हणाला, "आबा, आता हिरीचं पाणी बी माझ्याच मोटारीनं वर येनार. त्ये प्यायचं का न्हाय, घरी जाऊन ठरवा." आबा टेम्पोत बसले. टेम्पो वीस पावलं गेला, थांबला. आबा उतरून आले आणि बाकड्यावर बसत म्हणाले, "च्या सांग." त्या दिवशी आबा सात कप चहा प्यायले. बरं, दोन. पण दोन तरी प्यायले.

"तुम्हाला कधी वाईटच वाटत नाही का हो?" मी विचारलं होतं.

"वाटतं की, टेलरभाऊ. मग दुसऱ्याच्या वावरात पानी सोडून येतो. येशूनं लोकांचं पाय धुतलं. मी नुसती मोटार देतो."

तर ते भेंडीचं भांडण झालं, आणि चौथ्या दिवशी दुपारी पत्र्यापलीकडचा आवाज थांबला. मी डोकावलो. मिस्त्री कुणाच्या तरी अर्ध्या भरलेल्या मोटारीवर हात ठेवून बसला होता. मला वाटलं, प्रार्थना चाललीय. बराच वेळ वाट पाहिली मी.

मातीला इतकी माणसं आली की त्या दिवशी दोन तालुक्यांतल्या मोटारी आपोआप बंद पडल्या असाव्यात.

मागे राहिली वहिनी आणि जळोचीची अर्धा एकर भेंडी. आता तिचा सगळा संसार त्या भेंडीवर, आणि विहिरीवर मोटार नाही. शेजारच्या मळ्यातून घागरी आणून ती एकेका ओळीला पाणी घालायची.

मग मी पुढारी झालो. शेती माझी डाळजला आहे, पण ती मेहुणा बघतो. मी शेतकरी फक्त सातबाऱ्यावर. तरी मोपेड काढली आणि मोटार शोधत सुटलो. खूण होती: मिस्त्रीने घरच्या मोटारीवर कानशीने बारीकसा क्रूस कोरला होता. मी चारशे विहिरी पालथ्या घातल्या. नऊ म्हणा. आठवडे बाजारात उभा राहून ओरडलो, "बाईमाणसाची मोटार दाबून बसलाय, त्याच्या तोंडात माती पडंल!"

वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, टेलरभाऊ. जरा दम धरा." मला वाटलं, दुःखाने खचलीय.

दहावी विहीर पाहायच्या आधी जेवायला म्हणून मेहुण्याकडे डाळजला गेलो. विहिरीवर मोटार चालू होती, वांगी हिरवीगार होती. तिथंच विहिरीपाशी बसून भाकरी खाता खाता मी त्या चोराला शिव्या घालत होतो, आणि चेवात येऊन मोटारीवर थाप मारली. बोटाला काहीतरी लागलं. हिरवा रंग नखाने खरवडला. खाली क्रूस.

मेहुणा म्हणाला, "आपली जळली नव्हती का? मिस्त्रीनंच दिली ही. तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. जुना रंग उरला व्हता, म्हनून लावला."

म्हणजे मिस्त्रीच्या हाताखाली अर्धी राहिलेली ती मोटार माझी होती. हातातली भाकरी ठेवली आणि टेम्पो बघायला निघालो.

त्याच दिवशी मोटार टेम्पोत घालून जळोचीला नेली. माणूस बोलावून बसवली. बटण दाबण्याआधी मी तिच्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. काय म्हणायचं ते येईना. "आनंद हाय," एवढंच म्हटलं. पाणी आलं.

वहिनी घागर खाली ठेवून, खोऱ्याने सरीसरीत पाणी वळवत दारं धरायला लागली. मी हात जोडले. "वहिनी, मोटार माझ्याच मळ्यावर होती. मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ."

तिने खोऱ्याने सरीचं तोंड मोकळं केलं. "मला ठावं व्हतं. त्यांनी मागनं सांगितलं. मीच म्हनलं, तुमची वांगी निघू द्यावीत."