साफ पाणी

काकांना मी कधी आवडले नाही आणि आवडावं म्हणून मीही काही केलं नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर शिकून आंधळगावला परतले तेव्हापासून ते मला 'मेमसाहेब' म्हणत, तेही चारचौघांत. त्या वर्षी त्यांनी धानाची खोली रिकामी करून तिथे कोंबडीची पाचशे पिल्लं ठेवली, आणि लसीच्या बाटलीसोबतचं पत्रक इंग्रजीत निघालं.

"वाच," म्हणाले. पत्रक हातात दिलं नाही, खाटेवर टाकलं.

लस गंबोरो रोगाची होती, पाण्यातून पाजायची. मी वाचून हळूच सांगितलं, "ब्लीचिंग पावडरचं पाणी चालणार नाही. त्यात लस मरते."

गावात हगवण होती. आमच्या विहिरीत आदल्याच दिवशी पावडर टाकली होती.

"आयकलं का वं?" काका काकूला ओरडून म्हणाले. "साफ पाणी नोको म्हणते! हॉस्टेलात गढूळ पाजत होते वाटते हिले." ओट्यावर बसलेले दोघे शेजारी फिदीफिदी हसले.

बिनपावडरच्या पाण्याचा हातपंप पन्नास पावलांवर होता. मी पुन्हा सांगू शकले असते, स्वतः बादली भरून आणू शकले असते. पण ते हसत होते. मी आत गेले.

काकांनी लस विहिरीच्याच पाण्यातून पाजली. दहा-बारा दिवसांनी पिल्लं पंख फुलवून कोपऱ्यात बसू लागली. पांढरी, पातळ विष्ठा. उभं राहताना थरथर. रोज सकाळी काकू टोपलीभर मेलेली बाहेर काढायची. ढोरांच्या डॉक्टरनं एक पिल्लू चिरून शेपटीखालची सुजलेली गाठ दाखवली. लहान पिल्लाला रोगाशी लढायची ताकद इथून मिळते, विषाणू नेमका तिथेच बसतो, म्हणाला.

"लस नव्हती दिली का?"

"देली ना." काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं वाचलं कागद. धड इंग्रजी येत नाही, अन् वाचाले बसते मोठी."

काकूनं त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. ती टोपलीत बघत राहिली.

आठवड्यात निम्मी गेली. उरली ती किडकिडीत, एकातून उठून दुसऱ्या आजारात पडणारी. गावभर मात्र एवढंच झालं, की पुतणीनं चुकीचं वाचलं.

दिवाळीनंतर नवी पिल्लं आली. मी परसात सुपात तांदूळ निवडत होते. काका आले. या खेपेला पत्रक त्यांनी माझ्या हाताशी धरलं.

"त्या पाण्याचं काय म्हणून राहिली होती तू?"

"मले कुठे इंग्रजी येते, काका?"

घरात मी कधी गावच्या बोलीत बोलत नसे. चुलीपाशी काकू खोकल्यासारखं हसली.

काकांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. मी खडे वेचत राहिले. शेवटी त्यांनी बादली उचलली आणि विहीर ओलांडून हातपंपाकडे गेले. पंपाचा दांडा करकरत होता तोवर मी मान वर केली नाही.