दवाखान्यातला तान्हा पोळा

धाकट्या भावाचा गुडघा सुजला तेव्हा मायनं तो हळद-तुपानं शेकला. गावी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे ती तसेच शेकायची. आता आम्ही शहराला लागून असलेल्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहत होतो, बाबा ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचे, बैल गावीच राहिले होते; पण दुखण्यावर तिचा उपाय तोच होता. भावाला त्याची भारी ऐट. "मी बैल आहो, बैल!" म्हणत मला ढुशी मारायचा. नऊ वर्षांचा होता, अन् एक नंबरचा आगाऊ.

सूज काही उतरेना. तो दुखण्यानं रडायला लागला, तेव्हा बाबांनी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. हाडाचा कॅन्सर निघाला. सत्तरच्या दशकातल्या त्या काळात आम्हाला वाटायचं, हा आजार म्हाताऱ्यांचा. लेकराला कसा होईल? पाय कापावा लागला.

माय डॉक्टरांना एकच विचारत राहायची, "माह्या शेकण्यानं झालं का जी हे?"

"नाही हो बाई. शेकण्यानं काही झालेलं नाही."

"मंग कायनं झालं?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही."

मला त्यांचा रागच आला. एवढे शिकलेले, अन् माहीत नाही म्हणतात! भाऊ खाटेवर डोळे मिटून पडला होता. आम्हाला वाटलं, झोपलाय.

तान्हा पोळा आला तेव्हाही तो दवाखान्यातच होता. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. घरचे बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात; नाणं म्हणा, खाऊ म्हणा. दारी आलेल्या बैलाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. भावानं हट्टच धरला. बाबांनी त्याला कडेवर घेतलं, मी घरून आणलेल्या त्याच्या लाकडी बैलाची दोरी धरली, आणि आमची वरात वॉर्डभर फिरली. नर्सबाईंनी दिलं, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही दिलं. शेवटी आम्ही डॉक्टरांच्या खोलीपाशी आलो.

डॉक्टर उठले, बैलाला हात जोडले आणि खिसा चाचपू लागले.

"पैसे नको," भाऊ म्हणाला. "मले हे काहून झालं, थे सांगा. माय रोज रडते."

डॉक्टरांनी खिशातला हात बाहेर काढला. मग म्हणाले, "बाळा, ते शोधावं लागतं. त्याला माणसं लागतात, यंत्रं लागतात, पुष्कळ पैसा लागतो. तो कोणी देत नाही."

भावानं विचार केला. मग सगळा बोजारा, चिवड्याच्या पुडीसकट, त्यांच्यापुढे धरला.

"घ्या मंग. शोधा."

मला वाटलं, हसून परत करतील. डॉक्टरांनी ओंजळ पुढे केली आणि सगळं घेतलं. पुडीसुद्धा.

संक्रांतीच्या आधीच भाऊ गेला. आता औषधं सुधारली, पुष्कळ लेकरं वाचतात, हे ऐकून मला फार बरं वाटतं. पण शोधणाऱ्यांना अजून पैशासाठी दारोदार फिरावं लागतं, याचा संताप येतो. लेकराचं हे दुखणं कायनं होतं, ते पुरतं अजूनही कोणी सांगू शकत नाही.

माय म्हातारी होऊन गेली. तोवर तिनं पुन्हा कधी कोणाचं दुखणं शेकलं नाही. हळद-तूप एका वाटीत घेतलं नाही. डॉक्टरांनी किती वेळा 'नाही' म्हटलं होतं! पण मग कशानं, ते तिला सांगायला कोणाजवळच काही नव्हतं.