काचेवरचं गंध

इथे परदेशात, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मी भाजी आणायला गेलो आणि एक जुनं चित्र घेऊन आलो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, काही शतकांपूर्वीच्या युरोपातलं. झालरीची कॉलर घातलेला बाप, शेजारी तशीच कॉलर घातलेला मुलगा, आणि बापाचा हात मुलाच्या खांद्यावर. रेषा इतक्या बारीक की बघता बघता त्या धुक्यासारख्या हलायला लागायच्या आणि दोघं आत्ता काहीतरी बोलतील असं वाटायचं. मी ते हॉलमध्ये लावलं.

त्याच महिन्यात आई पुण्याहून आली. बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोचलो नव्हतो. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती उदबत्तीच्या वासानं. चित्राच्या चौकटीत मागच्या अंगणातलं कॅमेलियाचं फूल खोचलेलं होतं आणि काचेवर, बापाच्या कपाळाशी, गंध. भिंतीवरची काळी-पांढरी माणसं म्हणजे घरातली गेलेली माणसं, एवढंच आईला ठाऊक.

मी चिडलोच. "अगं, हे आपले कोणी नाहीत! बाजारातून आणलंय मी."

"असू दे. कोणाचे तरी असतीलच ना."

काच पुसायला फडकं घेऊन मी जवळ गेलो. मुलाचं कपाळ कोरडंच होतं.

"मग याला का नाही लावलंस?"

"त्याला कशाला? मुलगा आहे अजून," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं फडकं तिनं काढून घेतलं.