तिसऱ्यांदा विचारणाऱ्या कुमुदताई

कुमुदताईंविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथातच नोंदवणं मी कर्तव्य समजतो. त्यांच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना सराव मिळावा म्हणून गेली नऊ वर्षं मी खोटा पेशंट होतो आहे. या काळात ताईंनी मला पित्ताचे खडे, हृदयविकार, दोनदा मोडलेलं माकडहाड असे विकार उदारहस्ते दिले. मागच्या नाड्या धड असलेला झगा मात्र एकदाही दिला नाही.

आमची ओळख अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावच्या मराठी मंडळात, संक्रांतीला झाली. मी कोणाला तरी सुभाषित ऐकवत होतो. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंगळवारी मोकळे आहात का?" मला वाटलं, व्याख्यान असणार. मंगळवारी मला घशाचं ऑपरेशन झालेला पेशंट करण्यात आलं. एक अक्षर बोलायची बंदी.

ताईंचा दंडक असा, की पेशंट "काही दुखत नाही" म्हणाला तर लगेच लिहून मोकळं व्हायचं नाही. शेजारी बसायचं, पुन्हा विचारायचं, आणि मग तिसऱ्यांदा. "आमच्याकडे पोळी वाढताना पहिलं 'नको' कोणी खरं मानत नाही," असं त्या अमेरिकन मुलींना सांगतात, आणि पटावं म्हणून मंडळाच्या पंगतीत त्यांना वाढायलाही लावतात. गायीगुरांच्या फार्मवरून आलेली एक मुलगी मला "अर्धी घ्या ना, काका" म्हणाली. मी दोन घेतल्या.

आमची मुलगी इराही त्यांचीच विद्यार्थिनी. मागच्या वर्षी वॉर्डात तिच्याकडे असलेले एक आजोबा वारले. तिने सगळ्या नोंदी अचूक केल्या, घरी आली आणि नर्सिंग सोडते म्हणाली. मी आत्म्याच्या अमरत्वावरचा श्लोक सुरू केला. "बाबा, प्लीज. नॉट नाउ."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसल्या.

"काल काय झालं गं?"

"नथिंग, आजी. आय ॲम फाइन."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. चहा निवला. तिसऱ्यांदा विचारल्यावर इरा म्हणाली, "त्यांनी माझा हात धरला होता. मी मॉनिटर बघायला सोडवून घेतला."

तुझी चूक नाही, असं काही ताई म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा पहिला पेशंट गेला तेव्हा मी बेडपॅन धूत होते. अजून आठवतं. त्या आजोबांच्या बायकोला कार्ड लिहायचं का? मी थांबते."

तीन कागद फाडून झाल्यावर कार्ड लिहून झालं. ताई तोवर बसून होत्या. सोमवारी इरा क्लासला गेली. या वर्षी ती पदवीधर झाली.

कुमुदताईंना शंभर वर्षं मिळोत, गुडघे कुरकुरले तरी चालते राहोत, आणि आणखी कितीतरी मुली त्यांच्या हाताखालून जावोत. या इच्छेत माझा स्वार्थ आहे. पुढच्या महिन्यात इरा कॅन्सर वॉर्डात रुजू होते आहे. अशी एखादी संध्याकाळ तिच्यावर पुन्हा येईल, आणि त्या वेळी घरात मी असेन. तिच्याजवळ बसून नुसतं ऐकून घेणं मला जमेल की नाही, याची मला भीती वाटते.