हो, आणि…

हौशी नाटकवाल्यांच्या शिबिरात नवशिक्यांसाठी एक खेळ होता. गोलात उभं राहायचं. एकाने गोष्टीचं पहिलं वाक्य टाकायचं आणि बाकीच्यांनी ते न खोडता, ‘हो, आणि’ म्हणत पुढे न्यायचं.

ह्यांची पाळी आली. हे म्हणाले, “आमचा मुलगा घरी आलाय.”

आमचा मुलगा वारलाय, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“हो, आणि त्याला भूक लागलीय.”

“हो, आणि तो आमटीभात मागतोय.”

नातेवाईक त्याचं नावसुद्धा टाळतात. ही अनोळखी माणसं त्याला पानावर बसवत होती. आधार म्हणतात तो एवढाच असावा, समोरच्याचं वाक्य न खोडणं.

मग पाळी माझ्यापाशी आली. हे आशेने माझ्याकडे बघत होते.

“हो, आणि…” मी म्हणाले. पुढे काही नव्हतंच.