तुटक्या भुवईच्या बाहुल्या

आमच्या बचत गटाच्या बाहुल्या शहरात जायला लागून आता काही वर्षं झाली. समुद्रपूर तालुक्यातलं आमचं लहानसं गाव. शेतात कापूस, घरात कापूस, म्हणून बाहुल्यांच्या पोटातही कापूसच. अंग जुन्या लुगड्यांचं, केस काळ्या लोकरीचे, आणि तोंड सुईदोऱ्यानं भरलेलं. नागपूरची एक दुकानवाली बाई त्या घ्यायची. भाव आमच्यासमोर बसून ठरवायची. एक बाहुली शिवायला किती वेळ जातो, तेही विचारायची. आमच्या वेळेचं तोवर कोणी काही विचारलं नव्हतं.

माझी धाकटी जाऊ गटात आली ती तिची मुलगी गेल्यावर. दुसरीत शिकणारी पोर. कापूस वेचायच्या दिवसांत शेतात साप चावला, हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच संपली. मला ती 'मोठी माय' म्हणायची. पोर गेल्यावर जाऊ ओसरीत नुसती बसून राहायची. रडलीही नाही. शेवटी मीच तिला ओढत गटाच्या शेडमध्ये नेलं आणि हातात सुई दिली.

तिची पहिली बाहुली पूर्ण झाली तेव्हा मी ती हातात घेतली. डावी भुवई मधोमध तुटलेली होती. पोरगी नुकतीच चालायला लागली होती तेव्हा उंबऱ्यावर आपटली होती. जखम भरली, पण तिथं केस आले नाहीत. खालचा ओठही तसाच, किंचित पुढे. शेडमधल्या प्रत्येकीनं ते तोंड ओळखलं. जाऊ मात्र त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली.

मग ती तेच तोंड करत राहिली. दुकानात तिच्याच बाहुल्या आधी खपायच्या. खात्यात पैसे जमले तशी तिनं नवऱ्याला न विचारता शिलाई मशीन आणली. घरात कोणी हूं की चूं केलं नाही.

दिवाळीच्या आधी नागपूरची बाई आली. "ही तुटकी भुवई लोकांना फार आवडते," ती म्हणाली. "सगळ्याच जणी अशी कराल का? मोठी ऑर्डर आहे." तिला काही ठाऊक नव्हतं. आम्ही माना खाली घातल्या. मी बोलणार तेवढ्यात जाऊ म्हणाली, "काऊन नाई? मीच शिकवीन सगळ्यायले."

आणि तिनं शिकवलं. टाका कुठं थांबवायचा, किती जागा सोडून पुन्हा धरायचा. त्या जागेशी सुई आली की मी आधी तिथं अंगठा टेकवायची. पोरीला लागलं तेव्हा तिथं मीच हळद दाबून धरली होती.

बाहुल्या वाढत गेल्या. भिंतीशी रांगेत बसवलेल्या, सगळ्यांचं तोंड दाराकडे. कुलूप लावायची पाळी माझी असली की त्यांच्याकडे पाठ करवत नसे. मी उलट्या पावलांनी बाहेर यायची.

एका दुपारी जाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. एक उचलली, निरखली, ठेवली. मग दुसरी. रांग संपली तशी परत पहिलीपाशी आली. मग माझ्याकडे वळली.

"यातली माही कोनती व, ताई?"

जाऊ तिथंच खाली बसली आणि रडली. घरातून पोरीला नेलं तेव्हाचं रडणं त्या दिवशी बाहेर आलं.

मी नागपूरला फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाई स्वतः आली आणि जावेसमोर जमिनीवर बसली. "हे तोंड तुमचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. ऑर्डर मी सोडते, झालेल्या कामाचे पैसे देतेच."

जाऊ रांगेकडे पाहत राहिली. "झाल्या तेवढ्या जाऊ द्या. माही पोरगी हिंगणघाटच्या पुढं कधी गेली नाई. पन आता कोनी करू नोका. मी बी नाई करत."

त्यातल्या थोड्या आम्ही वर्ध्याच्या प्रदर्शनात नेल्या. शेवटची एका लहान मुलीनं घेतली. बापानं मुलीला कडेवर उचललं, आणि तिच्या खांद्यावरून बाहुली आमच्याकडे पाहत लांब जाऊ लागली. जाऊ टेबलामागून उठून त्यांच्या मागं चालू लागली. हिसकावून घेते की काय, म्हणून मीही धावले. पण ती गर्दीत थांबली. हात अर्धवट वर केला.

"येजो," ती म्हणाली, घरातून निघालेल्याला 'परत ये' म्हणतात तसं.

मी अगदी मागं होते, म्हणून मला ऐकू आलं.

आता ती आजूबाजूच्या गावांतल्या गटांना कापडी हत्ती शिवायला शिकवते. एस.टी.नं एकटी जाते, नवरा डबा भरून देतो. पण कुठं प्रदर्शन लागलं, की समोरून येणाऱ्या लहान मुलींच्या हातात काय आहे, ते ती आधी पाहते. आता मीही पाहते.